पिल्लं द्यायची घाई करू नकोस

अगं,

तुझा मेसेज वाचला. पार्किंगमधल्या कुत्रीची पाच पिल्लं तीन आठवड्यांची झालीत, सोसायटीवाले रोज कटकट करतायत, म्हणून तू त्यांचे फोटो ग्रुपवर टाकून या रविवारीच देऊन टाकणारेस. प्लीज, नको. आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. विकणाऱ्यांसाठी तर 2017 पासून केंद्राचा नियमच आहे तसा, आणि फुकट दिलं म्हणून पिल्लाची गरज काही बदलत नाही. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं कुंई करतं आणि खेळ थांबतो, दात किती लावायचे ते पिल्लू तिथेच शिकतं. लवकर उचललेलं पुढे घरातल्यांचे हात फोडतं, मग "चावरं आहे हो" म्हणत लोक परत आणून सोडतात.

म्हणजे अजून पाच आठवडे तुझ्याकडे आहेत आणि त्याला खर्च आहे, तो आधी समजून घे. गायीचं दूध अजिबात देऊ नकोस, हगवण लागते. आई आहे ना, मग आईलाच दिवसातून तीनदा पोटभर घाल, भात, अंडं, चिकन, आणि पाणी कायम भरलेलं. आता पिल्लांनाही मऊ कालवलेलं थोडं थोडं सुरू कर. किचनच्या काट्यावर रोज वजन कर, कुठलं कुठलं ते कळायला नखांना वेगवेगळं नेलपॉलिश लाव (गळ्यात दोरा नको, पिल्लू वाढतं आणि तो आवळतो). वजन थांबलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा अंग बारीक आणि पोट तेवढं टम्म असेल तर जंत असू शकतात, तेव्हा व्हेटकडे ने. तसंही जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी लागतंच, डोस वजनावर असतो, तो व्हेटलाच विचार.

लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांनी रेबीजची. एक डोस बहुतेक ठिकाणी 500 ते 1000 रुपयांत बसतो, गुणिले पाच कर. पहिला डोस देऊनच पिल्लू दे, पुढचे घेणाऱ्याने करायचे, आणि हे तोंडावर स्पष्ट सांग. शिवाय थोडे पैसे बाजूला ठेवच, कारण एका पिल्लाला पार्व्हो झाला, उलट्या, रक्ताची हगवण, की बाकीची चारही धोक्यात येतात आणि चार-पाच दिवस सलाईन म्हणजे हजारोंचं बिल. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने राहतो, फिनाईलने जात नाही, ब्लीचचं पाणी लागतं.

आता घर शोधणं. "किती गोड, मला हवंय" असं लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जा. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारलंय का, सगळे ऑफिसला गेल्यावर पिल्लाजवळ कोण, दिवाळीत गावी जाता तेव्हा कुत्रा कुठे, घरातल्या आजीला चालणारे का, सगळं विचार. लोकांना राग येतो, येऊ दे. मुलाच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते. बरेच जण नरच मागतात, तेव्हा माद्या मागे राहतात, म्हणून त्यांची माहिती आणि फोटो आधी टाक. कागदावर लिहून घे की लसी पूर्ण करणार, वेळेवर नसबंदी करणार आणि सांभाळता आलं नाही तर दुसऱ्या कुणाला न देता तुलाच परत देणार. हे शेवटचं तुला पाळता येणार असेल तरच पिल्लं द्यायला घे. पाच-सहा महिन्यांचं झालं की दात बदलतात, चपला-सोफे कुरतडतं, गोडवा ओसरतो, फोन येतात ते तेव्हाच, म्हणून तूच अधूनमधून फोन करून विचारत राहा.

आणि आईला विसरू नकोस. पिल्लं दूध सोडतील तेव्हा तिची नसबंदी कर, नाहीतर पुढच्या माजाला पुन्हा हेच. महापालिकेकडे आत्तापासून चौकशी करून ठेव, आणि ऑपरेशन झालं की तिला जिथून नेलं तिथेच आणून सोडायचं असा नियम आहे, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना आधीच सांग, नेताना "आता परत आणू नका" असं म्हणणारे भेटतातच.