बोडीच्या पाण्यातील अमिबा कसा ओळखतात?

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या गावची मुले दुपारभर बोडीत (लहान तळ्यात) डुंबतात. केरळमधील मेंदूच्या अमिबाच्या बातम्या वाचल्यापासून धास्ती वाटते. ग्रामपंचायतीच्या तपासणी संचाने हे पाणी तपासता येईल का? बांधीतल्या (धानाच्या खाचरातल्या) मातीतही तो असतो का?
— एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु त्या संचाने हे काम होणार नाही. संचाच्या बाटलीतले पाणी काळे पडले तर विष्ठेतील जिवाणूंचा संशय येतो, ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर क्लोरीन किती उरले ते कळते. अमिबाचा पत्ता मात्र दोन्हींतून लागत नाही.

नेग्लेरिया फाउलेरी हा मेंदूचा आजार करणारा अमिबा ४५ अंशांच्या उष्णतेतही वाढतो आणि प्रयोगशाळा त्याची हीच खोड हेरते. पाणी बारीक गाळणीतून गाळून वर उरलेला गाळ, किंवा चिमूटभर माती, पोषकद्रव्य नसलेल्या आगारच्या (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या) बशीत ठेवतात. त्या आगारवर केवळ ई. कोलाय जिवाणूंचा पातळ थर दिलेला असतो. बशी ४२ ते ४४ अंशांवर ठेवली, की अमिबा ते जिवाणू खात पुढे सरकतो आणि एरवी ढगाळ दिसणाऱ्या थरात त्याने चरून मोकळ्या केलेल्या वाटा काही दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. त्यातले थोडे अमिबे ऊर्ध्वपातित पाण्यात सोडले तर काही तासांत अमिबाला बहुधा दोन शेपट्या फुटतात आणि तो पोहू लागतो. त्याचे निरुपद्रवी भाऊबंदही असेच वागतात, म्हणून शेवटचा निर्णय जनुकांवरून ओळख पटवणाऱ्या पीसीआर चाचणीचा. नमुना बर्फात मात्र ठेवू नये. थंडीने अमिबा मरतो आणि अहवाल फसवा येतो.

मातीत तो असतो, आणि अकँथामीबा नावाचा दुसरा अमिबाही असतो. चिखल उडून किंवा धानाचे पाते लागून डोळा दुखावला, की हा अकँथामीबा बुबुळावर जखम करू शकतो. अशा डोळ्यात दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब कृपया घालू नका. बुबुळाचा खरवडा तपासून घ्या.

बोडीचा एक नमुना निर्दोष निघाला म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण नेग्लेरिया तळच्या गाळात असतो आणि मुलांनी गाळ ढवळला की वर येतो. पाणी प्यायल्याने मेंदूचा हा आजार होत नाही, ते नाकात शिरल्याने होतो. तेव्हा मे महिन्यातल्या उथळ, तापलेल्या बोडीत मुलांना उड्या मारू देऊ नयेत. पोहल्यानंतर पंधरवड्याच्या आत ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या आणि मान ताठ होणे अशी लक्षणे दिसली, तर मूल बोडीत पोहले होते हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे पाठीतून काढलेल्या पाण्याचा ताजा थेंब लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल.