मधुमेह झाला, म्हणजे चूक माझीच का?

प्रश्न : माझे वय ४८ आहे. नेहमीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १४८ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.६ टक्के निघाले. टाइप २ मधुमेह असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. हे कळताच थोरला भाऊ म्हणाला, ‘‘तोंडावर ताबा ठेवला असतास, तर ही वेळ आली नसती.’’ त्याचे वजन माझ्यापेक्षा जास्त आहे, गोडही तो माझ्याहून अधिक खातो, तरी त्याला काहीच झालेले नाही. हा आजार मी स्वतःच ओढवून घेतला, असे खरेच म्हणता येईल का?

उत्तर : नाही, असे म्हणता येणार नाही, आणि त्याचे अर्धे कारण तुमच्याच पत्रात आहे. एकाच घरात वाढलेल्या भावंडांपैकी जो अधिक खातो त्याला आजार नाही आणि जी कमी खाते तिला झाला. आहार हे एकमेव कारण असते, तर असे घडले नसते.

टाइप २ मधुमेहात दोन गोष्टी एकत्र येतात. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला, म्हणजे रक्तातील साखर काबूत ठेवणाऱ्या संप्रेरकाला, पुरेशी दाद देईनाशा होतात, ही पहिली; आणि ती तूट भरून काढण्यासाठी जास्तीचे इन्सुलिन तयार करता करता स्वादुपिंडातील बीटा पेशी कमी पडू लागतात, ही दुसरी. पहिली गोष्ट असंख्य लोकांत असते, पण त्यांच्या बीटा पेशी दमदार असल्यामुळे साखर वर्षानुवर्षे काबूत राहते. ही ताकद बऱ्याच अंशी जन्मजात असते. मधुमेहाशी संबंधित असे शेकडो जनुकीय बदल आजवर सापडले आहेत. २००६ साली लक्षात आलेला टीसीएफ७एल२ या जनुकातील बदल त्यांपैकी सर्वांत ठळक, आणि तो बीटा पेशींच्या कामाशीच निगडित आहे. शिवाय त्वचेखाली किती चरबी सामावेल आणि कधी ती यकृतात व स्वादुपिंडात साचू लागेल, याची मर्यादाही प्रत्येकाची वेगळी असते. सडपातळ माणसाला मधुमेह होतो आणि वजनदार माणसाला होत नाही, यात म्हणूनच नवल नाही.

याहून मागे गेले, तर गोष्ट जन्माच्याही आधी पोहोचते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई होती. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी केली, तेव्हा साखर पचवण्याची त्यांची क्षमता इतरांपेक्षा कमी आढळली. ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले. त्याच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचा गर्भावस्थेचा आणि त्यानंतरच्या दोन वर्षांचा काळ रेशनिंगमध्ये गेला होता, त्यांना पुढील आयुष्यात टाइप २ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्के कमी होता. आहाराचा प्रभाव किती खोल असतो, हे या दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट दिसते. मात्र ज्या आहारामुळे हा फरक पडला, तो त्या मुलांपैकी एकानेही स्वतः निवडलेला नव्हता, आणि आपल्या वादात नेमके हेच विसरले जाते.

मोठेपणीची निवड तरी आपण समजतो तितकी मोकळी असते का? २०१९ च्या एका प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे अन्न देण्यात आले. पुढ्यात ठेवलेल्या जेवणातील साखर, चरबी, मीठ आणि तंतू यांचे प्रमाण दोन्ही वेळा सारखे होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या पंधरवड्यात त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खाल्ल्या. त्या पंधरवड्यापुरता त्यांचा निग्रह ढासळला, असे कोणी म्हणणार नाही. बदलले होते ते समोरचे अन्न.

तुमच्या खाण्याचा यात काहीच वाटा नव्हता, असेही मी म्हणणार नाही. साखर घातलेली पेये, पोटाभोवती वाढलेली चरबी, बैठे काम, अपुरी झोप या सर्वांनी धोका वाढतो. पण कारणांच्या या लांबलचक साखळीतील आहाराची एकच कडी उचलून तिच्यावर एखाद्याचे चारित्र्य तोलणे, हे शास्त्राला धरून नाही आणि उपचारालाही मारक आहे. रुग्ण घरी मोजलेली साखर ज्यांत लिहितात, त्या वह्या पाहिल्यावर हे प्रकर्षाने जाणवते. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दमात लिहिलेल्या असतात. ११२, ११५, ११८ असे नीटनेटके आकडे असतात. आणि शेजारच्या अहवालात एचबीए१सी ९ टक्के असते, ज्याचा अर्थ तीन महिन्यांची सरासरी साखर २१० च्या आसपास आहे. तो रुग्ण डॉक्टरांना फसवत नसतो, बोलणी चुकवत असतो. आणि औषधाची मात्रा मात्र खोट्या आकड्यांवर ठरण्याची वेळ येते. मला या दोषारोपांची खरी चीड येते ती यासाठी.

भावाला एक निरोप जरूर द्या. सख्ख्या भावंडाला टाइप २ मधुमेह असेल, तर स्वतःलाही तो होण्याचा धोका वाढतो. त्याने केव्हा तपासणी केली होती, हे विचारा, आणि वर्ष उलटले असेल, तर पुन्हा करायला सांगा.

प्रश्न : आमच्या ९ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह झाला आहे. त्याला लहानपणी गोड फार दिले, म्हणून पत्नी स्वतःला दोष देत असते. यात तथ्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही, आणि हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते. ही प्रक्रिया लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, आत चालू असते. गोड खाण्याने ती सुरू होत नाही आणि पथ्याने ती थांबवता आली नसती. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. कोणी कितीही खात्री दिली, तरी आहाराच्या किंवा अन्य उपचाराच्या भरवशावर मुलाचे इन्सुलिन बंद करू नका. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी या आजाराची मुले वाचत नसत. आजही इन्सुलिन थांबले, तर काही दिवसांत जिवावर बेतते.

प्रश्न : ‘‘मधुमेह आमच्या रक्तातच आहे,’’ असे म्हणून माझ्या पतींनी पथ्य सोडून दिले आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे निदान झाले. त्यांना काय सांगावे?

उत्तर : धोका रक्तात असला, तरी पुढे काय होईल हे त्याने ठरून जात नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ लोकांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वजन ७ टक्के घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, एवढे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. टीसीएफ७एल२ मधील धोक्याचा बदल ज्यांच्यात होता, त्यांनाही याचा लाभ झाला.

तुमच्या पतींना तर आजार होऊन दोनच वर्षे झाली आहेत, आणि हा काळ मोलाचा आहे. निदानाला सहा वर्षे पूर्ण न झालेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजन घटवण्याचा काटेकोर कार्यक्रम राबवला गेला. त्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षअखेरीस औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आली होती. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्के उरले. त्या रुग्णांना मोजून दिलेला आहार आणि नियमित मार्गदर्शन मिळत होते, हे विसरू नका. ‘मनावर घ्या’ एवढे सांगून कोणालाही हे साधलेले नाही. इतके करूनही निम्म्याहून अधिक जणांना हे साधले नाही, त्यामुळे उद्या पतींना गोळ्या चालू ठेवाव्या लागल्या, तर त्यांचे प्रयत्न कमी पडले असे समजू नका.

त्यांच्यासाठी वेगळे ताट वाढण्याऐवजी घरात सर्वांनी तेच जेवावे. साखरेची पेये घरात आणूच नयेत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे त्यांच्यासोबत तुम्हीही चाला. त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. वजन झपाट्याने उतरवायचे असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा, कारण काही गोळ्यांची आणि इन्सुलिनची मात्रा वेळीच कमी केली नाही, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. पथ्य सुटलेल्या काळात तपासण्याही राहून गेल्या असतील, तर या भेटीतच डोळ्यांचा पडदा, पावलांची संवेदना आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्या.