दुप्पट कडक स्प्रिंग बसवण्याआधी

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: नागपुरात पोर्शे 718 केमन घेतली, वर्षाकाठी दोन-तीन ट्रॅक-डे (रेसट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचे दिवस) करायचे आहेत, ट्यूनरने दुप्पट कडक स्प्रिंगांचे कॉइलओव्हर (शॉकअपवर स्प्रिंग चढवलेले, उंची बदलता येणारे संच) सुचवलेत, गाडी 25 मिमी खाली येईल, एरवी ती शहरातच चालेल. बसवू का? माझं उत्तर: स्प्रिंगला हात लावू नका. कारणं सविस्तर देतो, कारण ‘कडक म्हणजे ग्रिप’ या समजापायी लोक चांगल्या गाड्या बिघडवतात.

वळणात आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जातो, ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणात लागणारा जोर यांवर ठरतं. या हिशेबात स्प्रिंग जवळपास येतच नाही. कडक स्प्रिंगने गाडी कमी कलेल, भार मात्र तेवढाच सरकेल. मग रेसिंगवाले कडक स्प्रिंग का लावतात? हवेने गाडी खाली दाबणाऱ्या विंगच्या जोरावर चालणाऱ्या गाडीची जमिनीपासूनची उंची हलू द्यायची नसते, हे एक. स्टीअरिंगला गाडी लवकर प्रतिसाद देते, हे दुसरं. आणि गाडी कलली की बाहेरच्या टायरचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, बिघडतो, त्याला आवर बसतो.

तुम्हाला लागू पडतं ते हे तिसरं कारण. केमनला पुढे-मागे दोन्हीकडे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले, चाक धरणारे खांब) आहेत, आणि स्ट्रट दबताना कॅम्बर फारसा सावरून घेत नाही. पोर्शेने 2021 च्या 911 जीटी3 मध्ये पुढचा स्ट्रट काढून डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आर्मनी धरणारी रचना) दिलं, त्यात टायर रस्त्यावर सपाट टेकलेला ठेवणं हाच मोठा हेतू होता. पण तुम्हाला त्यासाठी स्प्रिंग बदलायची गरज नाही. पुढे शिम (पातळ चकत्या) घालून लांबी बदलता येणारे दोन भागांचे खालचे आर्म बसवा आणि दोन-अडीच अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) घ्या. ट्रॅकवर पुढचं टोक सरळ पळायचं कमी होईल. टायरची आतली कड झिजेल अशी भीती लोक घालतात, पण कड खाण्यात कॅम्बरपेक्षा चुकलेल्या ‘टो’चा (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा) वाटा मोठा असतो. टो शून्याजवळ ठेवा.

आता आपले रस्ते. ज्या स्प्रिंगवर गाडीची चाल सेकंदाला दीड हेलकाव्याची असते, ती गाडीच्या वजनाने साधारण 11 सेंमी दबलेली असते. म्हणजे चाक खड्ड्यात उतरताना टायरवर काही ना काही भार राहायला तेवढी जागा मिळते. स्प्रिंग दुप्पट कडक केली की साडेपाच सेंमी उरतात. सिमेंट रस्त्यांचे जोड, उखडलेले कडेचे ब्लॉक, आणि काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यानंतर जसा लाटा घेतो, ते सगळं याच साडेपाच सेंमीत भागवायचं. टायर क्षणभर हवेत असेल तर तिथे ग्रिप शून्यच.

स्पीडब्रेकरचं गणितही बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंमी उंच असतो. केमनचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2,475 मिमी. चारही चाकं त्याच उंचवट्यावर असताना पोटाखाली फक्त साडेचार सेंमी फुगवटा येतो, म्हणून नियमाचा ब्रेकर त्रास देत नाही. गल्लीतला आखूड, उभा ढिगारा मात्र पूर्ण उंचीने पोटाखाली येतो. तिथे 25 मिमी म्हणजे निघून जाणं आणि घासणं यातला फरक.

गाडी खाली आणण्याचा फायदा आहेच, पण तो मोजून घ्या. गुरुत्वमध्य 450 मिमीवर धरला तर 25 मिमीने सरकणारा भार साडेपाच टक्के कमी होतो. मात्र स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढला, की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं. गाडीला कलवणारी तरफ वाढते, ती आवरायला आणखी कडक स्प्रिंग लागते, आणि या फेऱ्यातून बाहेर पडता येत नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर शॉकअपवर, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे आवरणाऱ्या डॅम्परवर, खर्चा. 1996 ची लोटस एलिस आठवा: स्प्रिंग मऊ, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, आणि डॅम्पिंग इतकं अचूक की खराब रस्त्यावरही टायर रस्ता सोडत नसे. फेरारीने 2007 च्या 430 स्क्युडेरियात, म्हणजे ट्रॅकसाठीच धार लावलेल्या गाडीत, बाकी सगळं रेस मोडमध्ये ठेवून फक्त डॅम्पर मऊ करायचं वेगळं बटण दिलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना लॅप टाइमच हवा होता, त्यांनाही खडबडीत रस्त्यावर मऊ डॅम्पर जलद वाटला.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा: ब्रेक फ्लुइड आणि पॅड, मग टायर, मग वर सांगितलेले आर्म आणि अलाइनमेंट, शेवटी चांगले ॲडजस्टेबल डॅम्पर, मूळ स्प्रिंगच्या जवळपासच्या ताकदीला जुळवलेले. टायरमधल्या हवेकडे लक्ष असू द्या: तापमान 10 अंशांनी बदललं की प्रेशर सुमारे दीड पीएसआय बदलतं. डिसेंबरच्या दुपारी नागपुरात भरलेली हवा ग्रेटर नोएडाच्या गारठ्यात पहाटे बुद्ध सर्किट या रेसट्रॅकवर दोन-तीन पीएसआय कमी दिसेल. ती तिथेच तपासा, आणि दोन-चार लॅप मारून टायर गरम झाले की पुन्हा.

गाडी ट्रेलरवर जाणार असेल आणि शहरात फिरणारच नसेल, तर माझं उत्तर बदलेल. तुम्ही मात्र ती नॅशनल हायवे 44 वरून चालवत न्यायचं म्हणताय.

तरीही ट्यूनर अडून बसला तर त्याच्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: पुढच्या-मागच्या स्प्रिंगची ताकद न्यूटन प्रति मिमीमध्ये, मोशन रेशो (चाकाच्या हालचालीच्या तुलनेत स्प्रिंग किती दबते ते), बसवल्यावर बंप स्टॉपपर्यंत (दबण्याला शेवटी अडवणाऱ्या रबरापर्यंत) उरणारा प्रवास, आणि खालच्या दिशेने उरणारा प्रवास. आकडे मला पाठवा, हिशेब मी मांडून देतो.