बीपी वाढून ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) रक्तस्राव झालाय, सांगलीतले डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात. पुण्याला हलवावं का?

फक्त ऑपरेशनसाठी हलवू नका. अशा रक्तस्रावात रक्ताची गाठ बहुतेक वेळा पॉन्समध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागात असते. श्वास, शुद्ध, डोळ्यांची हालचाल, हातापायांच्या नसा, सगळं तिथल्या बोटभर जागेतून जातं. गाठ काढायला आत शिरायचं तर उरलेली चांगली पेशीही दुखावते, म्हणून नेहमीचा मार्ग औषधोपचाराचाच. काही केंद्रांत सुईने रक्त ओढून घेतात, पण त्याचा फायदा अजून पक्का सिद्ध नाही.

सीटीचा रिपोर्ट नीट बघा. गाठीची लांबी × रुंदी × उंची (सेंटीमीटरमध्ये) भागिले २ म्हणजे अंदाजे मिली. ३ × २ × २ ची गाठ ६ मिली. १० मिलीच्या वर आणि रुग्ण खोल बेशुद्ध असेल, तर आशा फार कमी. हे डॉक्टरांना थेट विचारा.

आयसीयूत वरचं बीपी साधारण १३० ते १५० मध्ये, हळूहळू आणि पंपावरच्या औषधाने ठेवतात. एकदम पाडलं तर मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू होती का, हे आधी सांगा. गिळता येत नसताना तोंडाने पाणी पाजू नका, चमचाभरही नाही. न्यूमोनिया तिथूनच होतो.

अपवाद दोन. पाण्याची वाट अडून मेंदूत पाणी साचलं तर नळी टाकावी लागते. आणि रक्त लहान मेंदूत असेल, विशेषतः १५ मिलीच्या वर, तर ऑपरेशन तातडीचं. त्यासाठी मिरजेत न्यूरोसर्जन मिळतो का ते आधी बघा.