नोकरी सांभाळून शिकवताना

प्रश्न : मी फार्मसी टेक्निशियन आहे. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवायचंय. मुलं मात्रेच्या गणितात अडखळतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सूत्र नंतर. आधी पातळ औषधाची बाटली हातात द्या. लेबलवर ‘५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ’ आहे आणि द्यायचेत २०० मिग्रॅ. हमखास कोणीतरी २०० भागिले १२५ करून १.६ मिली सांगेल. त्या क्षणी खोडू नका, १.६ मिली पाणी सिरिंजमध्ये भरायला लावा. मग १ मिलीत २५ मिग्रॅ, म्हणून ८ मिली, हे काढून शेजारी ठेवा. रुग्णाला पाचवा हिस्साच मिळाला असता, हे डोळ्यांना दिसतं आणि पक्कं बसतं. सिरिंज वाचताना दट्ट्याची टोकाकडची कड धरायची. बुडबुडा राहिला तर औषध कमी भरतं.

शून्याबाबत मात्र कडक राहा, हा हट्टच धरा : ‘.५’ नाही, ‘०.५’, आणि ‘५.०’ नाही, ‘५’. टिंब पुसट उमटलं की मात्रा दहापट होते.

सरावासाठी कामावरची खरी चिठ्ठी, अगदी झेरॉक्सही, वर्गात नेऊ नका. नाव खोडलं तरी रुग्ण ओळखू येऊ शकतो. काल्पनिक चिठ्ठ्या स्वतः लिहा.