व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू इतक्या बाळबोध चुका कशा करतात? सर्वांत लाजिरवाणी चूक कोणती?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की, गोल लाइनच्या (जी चेंडू घेऊन ओलांडली की गुण मिळतात, त्या रेषेच्या) अलीकडेच चेंडू टाकून नाचायला लागलेल्या एका खेळाडूचा व्हिडिओ पाहिला आणि वाटलं, कोट्यवधी डॉलर घेणाऱ्या माणसाला अजून एक पाऊल टाकता येऊ नये? मी न्यू जर्सीत राहतो, इथल्या जायंट्स संघाचा चाहता आहे आणि या चुकांवर मला मनापासून बोलायचं आहे. त्या नुसत्या हसण्यावारी नेल्या जातात, ते मला पटत नाही.

आधी एक फरक करू. हातातून कॅच सुटणं, टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणं) चुकणं या अंगाच्या चुका. त्या सगळ्यांकडून होतात. तुम्ही विचारताय त्या डोक्याच्या चुका. माझं उत्तर असं की, यातल्या बहुतेक चुकांमध्ये खेळाडूच्या मनात ती चाल संपलेली असते आणि मैदानावर ती चालूच असते. या खेळात एक चाल जेमतेम पाच-सात सेकंद टिकते. चेंडू डेड झाला, म्हणजे चाल अधिकृतपणे संपली की नाही, यावर सगळा हिशेब असतो. क्रीज आलीच आहे असं समजून बॅट हवेत धरून रमतगमत येणारा आणि रनआउट होणारा फलंदाज आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तोच प्रकार इथे घडतो.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा डीशॉन जॅक्सनचा असावा. 15 सप्टेंबर 2008, फिलाडेल्फिया ईगल्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. पहिल्याच हंगामातला पोरगा, लांब पास पकडला, समोर कोणी नाही, आणि रेषा ओलांडायच्या आत त्याने चेंडू मागे टाकून दिला. पंचांनी टचडाउन (चेंडू घेऊन गोल लाइन ओलांडल्याचे गुण) दिलं, डॅलसने दाद मागितली, रिप्लेत खरं काय ते दिसलं. चेंडू कोणी उचललाच नव्हता म्हणून तो ईगल्सकडेच, रेषेपासून एक यार्डावर राहिला आणि पुढच्या चालीत त्यांनी गुण मिळवले. म्हणजे निभावलं. पण हे प्रकरण त्याच्यावर थांबलं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सच्या एमारी डेमर्काडोने 72 यार्ड धावून नेमकं हेच केलं आणि तो सामना त्यांनी टेनेसी टायटन्सविरुद्ध 22-21 असा एका गुणाने गमावला. इतकी वर्षं हे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरताहेत, तरी दर काही हंगामांनी कोणीतरी करतोच.

या विषयावर बोलताना लिऑन लेटला टाळता येत नाही. डॅलसच्या बचावफळीतला धिप्पाड खेळाडू, डिफेन्सिव्ह टॅकल. 31 जानेवारी 1993 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, बफेलो बिल्सचा चेंडू सुटला, तो त्याने उचलला आणि 60 हून जास्त यार्ड धावत सुटला. अशा जड खेळाडूच्या नशिबी असा क्षण क्वचितच येतो. शेवटच्या काही यार्डांत त्याने वेग कमी केला आणि चेंडू धरलेला हात बाजूला लांब केला. मागून बिल्सचा डॉन बीबी जिवाच्या आकांताने धावत येत होता, हे त्याला दिसलंच नाही. बीबीने रेषेच्या जेमतेम अलीकडे चेंडूवर फटका मारला, चेंडू एंड झोनमधून (गोल लाइनपलीकडच्या पट्ट्यातून) बाहेर गेला आणि नियमाप्रमाणे बिल्सला मिळाला. डॅलस तेव्हा 52-17 ने पुढे होतं, त्यामुळे निकालावर काडीचाही परिणाम झाला नाही. मला यात लेटपेक्षा बीबीच जास्त आठवतो. संघ 35 गुणांनी मागे असताना, सामना हरलेला असताना तो थांबला नाही. त्याच्या मनात चाल संपलेली नव्हती.

लेटची दुसरी चूक मात्र महागात पडली, आणि ती समजून घ्यायला एक नियम माहीत हवा. 25 नोव्हेंबर 1993, थँक्सगिव्हिंगचा दिवस, टेक्ससमध्ये कधी नव्हे तो बर्फ पडलेला. डॅलस 14-13 ने पुढे, 15 सेकंद बाकी, मायामी डॉल्फिन्सने 41 यार्डांवरून फील्ड गोलसाठी (खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवायला) किक मारली आणि ती डॅलसने अडवली. चेंडू पुढे जाऊन बर्फात गोल फिरत राहिला. अशा वेळी डॅलसने त्याला हात लावला नाही, तर चेंडू थांबताच चाल संपते आणि चेंडू डॅलसचा. पण डॅलसच्या कोणी त्याला स्पर्श केला आणि तो निसटला, तर जो उचलेल त्याचा. डॅलसचे खेळाडू हात पसरून एकमेकांना ‘लांब राहा’ सांगत होते. तेवढ्यात लेट धावत आला, बर्फावरून घसरत चेंडूवर गेला, चेंडू त्याच्या पायाला लागून पुढे सरकला आणि डॉल्फिन्सच्या खेळाडूने एक यार्डावर त्यावर झडप घातली. तीन सेकंद उरले होते. त्याच किकरने पुन्हा किक मारली, 16-14.

इथे चूक उलट्या दिशेने झाली. चाल संपल्यातच जमा होती आणि लेटला ती चालू वाटली. सुटलेला चेंडू दिसला की झेप घ्यायची, हे बचावातल्या खेळाडूच्या अंगात वर्षानुवर्षं मुरवलेलं असतं. अडवलेल्या किकचा हा नियम वापरायची वेळ त्याच्यावर वर्षातून एकदाही न येणारी. म्हणून मी याला मूर्खपणा म्हणत नाही. त्या सामन्यानंतर डॅलसने त्या हंगामातला एकही सामना गमावला नाही आणि सुपर बोल पुन्हा जिंकला. लेट पुढे प्रो बोलला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्याला, दोनदा निवडला गेला आणि नंतर डॅलसचाच सहायक प्रशिक्षकही झाला.

हातात आलेली गोष्ट सोडून द्यायची असते, हे न सुचल्याची आणखी दोन उदाहरणं थोडक्यात सांगतो. जानेवारी 1973 च्या सुपर बोलमध्ये मायामीचा किकर गॅरो येप्रेमियन याची किक अडवली गेली आणि चेंडू उडून त्याच्याकडेच आला. सायप्रसमध्ये जन्मलेला, सॉकरमधून आलेला माणूस. चेंडूवर नुसतं पडून राहिला असता तरी काही बिघडलं नसतं. त्याने पास टाकायला घेतला, चेंडू हातातून वरच निसटला, त्याने तो हवेत थापटला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने तो पकडून 49 यार्ड धावत टचडाउन केलं. मायामीने सामना 14-7 ने जिंकला, 17-0 हा निष्कलंक हंगाम पूर्ण झाला, म्हणून ते गोष्ट म्हणून सांगता येतं. दुसरं, 18 डिसेंबर 2022. लास वेगासमध्ये पॅट्रियट्स आणि रेडर्स 24-24 बरोबरीत, शेवटची चाल. पडून राहिले असते तर जादा वेळ मिळणार होता. धावणाऱ्या खेळाडूने चेंडू मागे जकोबी मेयर्सकडे दिला आणि मेयर्सने तो आणखी मागे, थेट आपल्या क्वार्टरबॅककडे (आक्रमणाच्या सूत्रधाराकडे) फेकला. मध्ये रेडर्सचा चँडलर जोन्स उभा होता. त्याने तो झेलला, क्वार्टरबॅकला एका हाताने जमिनीवर दाबलं आणि 48 यार्ड धावून सामना संपवला. मेयर्सने नंतर पत्रकारांसमोर सगळा दोष स्वतःवर घेतला. पुढच्याच वर्षी तो रेडर्सकडून खेळायला लागला.

आता जिम मार्शल. मिनेसोटा वायकिंग्जचा हा डिफेन्सिव्ह एंड 25 ऑक्टोबर 1964 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत प्रतिस्पर्ध्यांचा सुटलेला चेंडू उचलून 66 यार्ड उलट्या दिशेने, स्वतःच्याच एंड झोनकडे धावला. संघातले लोक मैदानाच्या कडेने ओरडत होते, ते आपल्याला चेतवताहेत असं त्याला वाटलं. आत पोचल्यावर टचडाउन झालं समजून त्याने चेंडू भिरकावला, तो बाहेर गेला आणि प्रतिस्पर्ध्यांना दोन गुण मिळाले. एका प्रतिस्पर्ध्याने येऊन त्याचे आभार मानले तेव्हा त्याला कळलं. बाकीचं कोणी सांगत नाही. त्याच सामन्यात त्याआधी त्याने केलेल्या हल्ल्यातूनच चेंडू सुटला होता आणि त्याच्या सहकाऱ्याने त्यावर टचडाउन केलं होतं. वायकिंग्ज 27-22 ने जिंकले. मार्शल त्यानंतर 1979 पर्यंत खेळला. कारकिर्दीत सलग 282 सामने, एकही न चुकवता. जून 2025 मध्ये तो गेला तेव्हाही बहुतेक बातम्यांत ती उलटी धाव होतीच. हॉल ऑफ फेममध्ये त्याला जिवंतपणी जागा मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

हे का घडतं, हे मैदान डोळ्यांसमोर आणलं तर कळतं. हेल्मेटमुळे बाजूचं कमी दिसतं. सत्तर-ऐंशी हजार लोकांचा गोंगाट असतो. दोन चालींमध्ये साधारण 40 सेकंद मिळतात, त्यात नवी चाल ऐकायची, आपली जागा घ्यायची, समोरच्याला वाचायचं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो, पण या 40 सेकंदांच्या घड्याळावर 15 उरले की तो बंद होतो. शिवाय प्रत्येकाचं काम इतकं बारीक वाटून दिलेलं असतं की बाकीचे नियम डोक्यात मागे पडतात. डोनोव्हन मॅक्नॅबसारख्या मुरलेल्या क्वार्टरबॅकने 2008 मध्ये सिनसिनाटीविरुद्ध 13-13 अशी बरोबरी झाल्यावर कबूल केलं होतं की, सामना बरोबरीत सुटू शकतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा तो दहाव्या हंगामात होता.

म्हणून खेळाडूंना मी बरंच माफ करतो. टायरिक स्टीव्हनसनला मात्र नाही. 27 ऑक्टोबर 2024, शिकागो बेअर्स 15-12 ने पुढे, वॉशिंग्टनची शेवटची चाल सुरू झालेली आणि हा बेअर्सचा बचावपटू मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांना चिडवत उभा. भानावर येऊन धावला, चेंडूला हात लावला, आणि तो मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात जाऊन पडला. 18-15. दुसऱ्या दिवशी त्याने संघाची माफी मागितली.

त्याच बेअर्सनी महिनाभरात त्याहून वाईट करून दाखवलं आणि तेही प्रशिक्षकाने. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये 23-20 ने मागे, एक टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा) हाताशी, घड्याळात तीसेक सेकंद. पहिल्याच हंगामातला क्वार्टरबॅक कॅलेब विल्यम्स नुकताच खाली पाडला गेला होता. टाइमआउट घेऊन बरोबरीसाठी किक मारता आली असती. मॅट एबरफ्लूस यांनी तो घेतलाच नाही. पुढची चाल सुरू झाली तेव्हा सहा सेकंद उरले होते, पास वाया गेला, सामना संपला. दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. बेअर्सच्या इतिहासात हंगामाच्या मध्येच मुख्य प्रशिक्षकाला काढण्याची ती पहिलीच वेळ.

आणि सर्वांत लाजिरवाणी म्हणाल तर माझं उत्तर आमच्या इथलंच आहे: 19 नोव्हेंबर 1978, ईस्ट रदरफोर्डचं जायंट्स स्टेडियम. जायंट्स 17-12 ने पुढे, चेंडू त्यांच्याकडे, ईगल्सकडे एकही टाइमआउट नाही, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ. क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन गुडघा टेकला की चाल तिथेच संपते, घड्याळ चालत राहतं आणि सामना खिशात. जायंट्सचा क्वार्टरबॅक जो पिसारसिक याने त्याआधीच्या एका चालीत तसं केलंही होतं. पण तेव्हा गुडघा टेकून वेळ काढणं मर्दपणाचं मानलं जात नसे, त्यात ईगल्सनी त्यावर धक्काबुक्की केली होती. आक्रमणाचे प्रशिक्षक बॉब गिब्सन यांनी लॅरी झॉन्काला चेंडू देऊन धावायची चाल पाठवली. हडलमध्ये (चालीआधीच्या खेळाडूंच्या कोंडाळ्यात) खेळाडू वैतागले, झॉन्का स्वतः चेंडू नको म्हणत होता. पण पाठवलेली चाल बदलल्याबद्दल पिसारसिकला आधी एकदा चांगलंच खडसावलेलं होतं. त्याने हुकूम पाळला. चेंडू त्याच्या हातात नीट बसायच्या आत तो वळला, देताना चेंडू झॉन्काच्या कमरेला लागला आणि खाली पडला. ईगल्सच्या हर्म एडवर्ड्सने तो एका टप्प्यावर उचलला आणि 26 यार्ड धावत गेला. 19-17.

गिब्सन यांना दुसऱ्या दिवशी सकाळी काढण्यात आलं आणि त्यांनी पुन्हा कधी फुटबॉलमध्ये काम केलं नाही. चाहत्यांनी तिकिटं जाळली, डिसेंबरमधल्या एका सामन्यात ‘पंधरा वर्षं रद्दड फुटबॉल, आता पुरे’ अशा अर्थाचा फलक लावलेलं विमान स्टेडियमवरून फिरवलं. आज आघाडीवरचा संघ शेवटी क्वार्टरबॅकभोवती दाटीने उभा राहून गुडघा टेकतो आणि एक खेळाडू मुद्दाम खूप मागे ठेवतो, ती रचना या सामन्यानंतर थोड्याच दिवसांत रूढ झाली. 1979 मध्ये जॉर्ज यंग जनरल मॅनेजर म्हणून आले, संघ मुळापासून बांधला गेला आणि जानेवारी 1987 मध्ये जायंट्सनी पहिला सुपर बोल जिंकला.

इतक्या वर्षांनीही ही चूक पिसारसिकच्या नावाने ओळखली जाते, ते मला मान्य नाही. त्या हडलमधल्या अकराही जणांना योग्य काय ते कळत होतं. चुकीचा निर्णय बाहेर उभ्या असलेल्या, अंगावर कोणी धावून येत नसलेल्या माणसाचा होता, आणि पिसारसिकचा गुन्हा एवढाच की त्याने तो ऐकला.