गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रश्न : माझा जुना डिझेल ट्रक रात्रभर उभा राहिला की सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, तिथे खाली तळहाताएवढा तेलाचा डाग दिसतो. मेकॅनिक म्हणतो, क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मागचा ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. इतके दिवस गाडी उभी ठेवणं परवडत नाही. खात्री कशी करू?

उत्तर : मेकॅनिकचं बरोबर असेलही. पण नुसत्या डागावरून सील बदलायला निघालात तर आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी व्हायचं. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे ढकललं जातं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग मागच्या कोपऱ्यात कडक झालं, की तेल इंजिनच्या पाठीवरून बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचावर) उतरतं आणि थेट सीलमधून आल्यासारखं टपकतं. ऑइल प्रेशरचा स्विचही असाच फसवतो. आणि हा बदलायला किती वेळ लागतो? चहा होईपर्यंत.

आधी तेल कुठलं ते बघा. रात्री खाली पांढरा पुठ्ठा सरकवा. डिझेल इंजिनचं वापरलेलं तेल काळंकुट्ट असतं. थेंब दाट, पिवळसर आणि गंधकासारखा उग्र वासाचा असेल तर ते गिअर ऑइल. मग बहुधा गिअरबॉक्सचा पुढचा सील गेलाय. क्रँकचा सील बदलून काहीच फरक पडणार नाही.

तेल इंजिनचंच निघालं तर गार इंजिन डीग्रीजरनं धुऊन कोरडं करा. अल्टरनेटर आणि स्टार्टरवर प्लास्टिक बांधायला विसरू नका. पुसून भागत नाही; जुन्या चिकट थरावर ताजा ओघळ ओळखूच येत नाही. मग गाडी अर्धा तास फिरवून आणा, इंजिन बंद करा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोधा. संशय असेल तिथे टाल्कम पावडर भुरभुरून पुन्हा एक फेरी मारा. पांढऱ्यावर काळा ओघळ उमटला की जागा सापडली.

ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या पोटातला दाब बाहेर सोडणारी, नळी मात्र काढून बघाच. ती तुंबली की क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पोटात) दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडतं. नळी मोकळी असूनही आयडलवर तिच्यातून धुराचे भपके येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. अशा इंजिनात नवा सील घालून गळती थांबेल याची मी तरी हमी देणार नाही.

वर सगळं कोरडं आणि फक्त बेल हाउसिंगच्या तळाचं भोक ओलं, असं दिसलं तर उतरवा गिअरबॉक्स. तेव्हा क्रँकवर सील घासतो तिथे नख फिरवून बघा. नख खाचेत अडकलं तर सीलबरोबर स्लीव्हही (खाच झाकणारं पातळ धातूचं कडं) बसवून घ्या. क्लच प्लेट तेलात भिजली असेल तर तीही तेव्हाच बदला. तोवर रोज डिपस्टिक बघत जा, आणि तेल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असेल तर गाडी जागची हलवू नका.